अंतर कोणी कापावयाचे?

१९६१ पूर्वीच्या गोमंतकात मराठीतून वा इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला महाविद्यालयाचा उंबरठा चढावयाचा असे, तेव्हा घाट ओलांडून बेळगाव वा पुणे, नाही तर थेट मुंबई गाठावी लागे. ज्यांना ते परवडत नसे, त्यांचे शिक्षण तेथेच संपे. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय निघाले. पुढे १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा जन्म व्हावा, हा योगायोग बोलका आहे. एकाने विद्यार्थ्याला जवळ बोलावले; दुसऱ्याने आपणच त्याच्या दारी जाण्याचे वचन दिले. हे वचन कितपत पाळले गेले, याचा जमाखर्च मांडण्याची वेळ आता आली आहे.

जमेची बाजू लहान नाही. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करणारा कारकून, कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, लग्नामुळे शिक्षण अर्धवट राहिलेली गृहिणी, यांना महाविद्यालयाची घंटा कधीच सोयीची नव्हती. तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम इंदिरा गांधी विद्यापीठात सहा वर्षांपर्यंत पुरा करता येतो. चाळिशीतल्या माणसाला तेथे कोणी वय विचारीत नाही. शिवाय मान्यताप्राप्त संस्थांच्या अशा पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समतुल्य आहेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

परंतु खर्चाची बाजूही तितक्याच निर्भीडपणे मांडली पाहिजे. दूरशिक्षणाचा खरा शत्रू एकाकीपण हा होय. अडलेले कोणाला विचारावे, हे न कळल्यामुळे उमेदीने घेतलेली पुस्तके फडताळात पडून राहतात. प्रयोगशाळेवाचून शास्त्र आणि कार्यशाळेवाचून यंत्रविद्या शिकविता येत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीवाचून दूरस्थ पद्धतीने वाटलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बडगा उगारला, तो याचसाठी. २०२० च्या महामारीत तर नेटवर्कच्या शोधात सत्तरी-सांग्याच्या मुलांना डोंगर चढावे लागले. यंत्र घरात आले म्हणजे शिक्षण घरात आले असे नव्हे, हा धडा तेव्हा सर्वांनाच मिळाला.

आमच्या मते, सर्वांत दुबळा दुवा आहे तो मूल्यमापनाचा. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार वर्षभराच्या कामाला कमाल तीस टक्के आणि अंतिम परीक्षेला किमान सत्तर टक्के भार असतो. वर्षभराच्या कामापैकी स्वाध्याय हे तर दूरशिक्षणाचे हृदय. विद्यार्थ्याने लिहावे, शिक्षकाने चूक दाखवावी आणि त्यातून दोघांची गाठ पडावी, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात बाजारात तयार उत्तरे विकत मिळतात, ती उतरवून काढली जातात, आणि तपासणाराही पुष्कळदा गुणांपलीकडे एक ओळ लिहीत नाही. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे. जो स्वाध्याय कोणी वाचणारच नाही, तो मनापासून कोण लिहील? प्रत्येक स्वाध्यायावर चार वाक्यांचा अभिप्राय आणि वर्षातून एकदा दहा मिनिटांची तोंडी परीक्षा, एवढे जरी सक्तीचे केले, तरी पदवीला वजन येईल.

आम्हां मराठी वाचकांपुढे आणखी एक प्रश्न आहे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके सिद्ध केली. पण राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालविता येत नाही. त्यामुळे पेडण्याच्या पलीकडे सावंतवाडीत जी सोय असू शकते, ती अलीकडे असू शकत नाही. बेळगावचीही तीच कथा. केंद्राला सीमा असेल, पुस्तकाला ती नाही. हे संच आमच्या तालुका वाचनालयांत ठेवावेत आणि दर रविवारी तेथे एखाद्या प्राध्यापकाने दोन तास बसावे. याला नवा कायदा नको, इच्छा हवी.

दूरशिक्षणाची थोरवी गाताना एकलव्याचा दाखला देण्याची आपल्याकडे रीत आहे. तो देणाऱ्यांना कथेचा उत्तरार्ध आठवत नसावा. गुरूने त्या शिष्याला एक अक्षर शिकविले नाही. दक्षिणा घेताना मात्र तो शिष्याजवळ आला, आणि शिष्याचा अंगठा गेला. शुल्क घेताना जवळ आणि शिकविताना दूर असलेल्या संस्थांनी या कथेत आपले रूप पाहावे. पूर्वी अंतर विद्यार्थी कापीत असे, तेही पदरमोड करून. ते आता संस्थेने कापावे, याच अटीवर समाजाने दूरशिक्षणाला मान्यता दिली आहे. ही अट जी संस्था पाळील तिचीच पदवी खरी. बाकीचे नुसते कागद.