पडताळणी झालेली एक्सएमएल फाइल आणि उरलेल्या चुका

एक्सएमएल फाइल ब्राउझरमध्ये विनातक्रार उघडली की ती बरोबर आहे, असे सर्रास धरले जाते. ब्राउझर पाहतो ती फक्त बांधणी: उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला आहे का, टॅग एकमेकांत नीट बसले आहेत का, सर्वांना सामावणारा मूळ घटक एकच आहे का. अशी फाइल ‘सुघटित’ असते. ‘वैध’ ठरण्यासाठी ती आधी ठरवलेल्या नियमांतही बसावी लागते. हा फरक १९९८ च्या एक्सएमएल १.० शिफारशीतच आहे. तेव्हा नियम डीटीडीत लिहिले जात. तेच नियम लिहिण्याचा एक्सएसडी स्कीमा २००१ मध्ये आला. अपाचे नायफाय या डेटा-फ्लो प्रणालीत पडताळणीच्या प्रोसेसरला स्कीमा दिलाच नाही, तर अलीकडच्या आवृत्त्यांत तो केवळ बांधणी तपासतो आणि फाइल ‘वैध’च्या वाटेने पुढे सोडतो. स्कीमाची जागा चुकून रिकामी राहिली तरी पाइपलाइन कुरकुर न करता चालते.

तपासायला घेतलेली फाइल निदान तपासताना तरी निरुपद्रवी असते, हीही समजूत खरी नाही. फाइल वाचणे हीच पहिली जोखीम. डीटीडीत एका संक्षेपात दुसरा दहा वेळा, त्यात तिसरा दहा वेळा अशी उतरंड रचली, तर एक किलोबाइटपेक्षा लहान फाइल वाचताना स्मृतीत सुमारे तीन गिगाबाइटपर्यंत फुगते. म्हणून बाहेरून येणाऱ्या फाइलींसाठी पार्सरमध्ये डीटीडी आणि बाह्य संदर्भ बंद ठेवणे बरे. स्कीमा कुठे आहे हे फाइलच सांगत असेल, तर तेही निव्वळ सूचना म्हणून घ्यावे. नाहीतर परीक्षार्थ्याने आणलेल्या प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घेण्यासारखे ते होईल.

स्कीमा पार केला म्हणजे माहिती खरी, हा सर्वांत चिवट गैरसमज. स्कीमा रूप तपासतो, खरेपणा नाही. एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीत चालतात, तेव्हा हे उदाहरण पाहा:

<बिल>
<ग्राहक></ग्राहक>
<पिनकोड>४११०३०</पिनकोड>
<तारीख>2024-08-15</तारीख>
<रक्कम>125000</रक्कम>
</बिल>

ग्राहक हा घटक अनिवार्य आणि साध्या मजकुराचा असेल, तर वरचा रिकामा टॅग वैध ठरतो. घटक हवा होता, तो आहे. आत किमान एक अक्षर हवे, ही अट स्कीमात वेगळी घालावी लागते. पिनकोडची गंमत आणखी वेगळी. ‘कोणतेही सहा अंक’ असा नमुना एक्सएसडीच्या अंकचिन्हाने लिहिला, तर त्यात युनिकोडमधले सर्व दशमान अंक येतात, म्हणून ४११०३० बिनदिक्कत पार होतो. नमुना 0-9 असा बांधला किंवा प्रकार पूर्णांक ठेवला की तोच पिनकोड अडतो. उलट तारीख 15-08-2024 अशी आणि रक्कम 1,25,000 अशी असती, तर माणसाला त्यात काही खटकले नसते. स्कीमाने मात्र तारीख आणि दशांश या प्रकारांखाली दोन्ही नाकारली असती. रक्कम बिलातल्या वस्तूंच्या बेरजेइतकी आहे का, हे तर एक्सएसडी १.० ला विचारताच येत नाही. त्यासाठी २०१२ च्या १.१ आवृत्तीतली विधाने किंवा स्कीमाट्रॉन ही वेगळी नियमभाषा लागते.

रूपांतर यशस्वी झाले म्हणजे सगळे पोचले, असेही नाही. फाइलच्या मूळ घटकावर डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर असेल आणि एक्सएसएलटी १.० या रूपांतर-भाषेच्या टेम्प्लेटमध्ये उपसर्गाविना नुसते ‘बिल’ लिहिले असेल, तर टेम्प्लेट जुळतच नाही. त्रुटीही येत नाही. एक्सएसएलटीचे अंगभूत नियम आतला मजकूर उचलतात आणि पिनकोड, तारीख, रक्कम टॅगविना मागोमाग बाहेर पडतात. प्रोसेसरच्या लेखी हे यशच. त्यामुळे रूपांतरानंतरच्या फाइलचीही पडताळणी लागते. जेसनमध्ये नेताना आणखी सांडलवंड होते: बिलात तीन वस्तू असतील तर यादी बनते, एकच असेल तर अनेक साधने सुटा घटक बनवतात आणि यादी अपेक्षिणारी पुढची पायरी त्यावर अडखळते. प्रकार न सांगता आकडा ओळखायला लावला, तर 00417 या खातेक्रमांकाचे 417 होते.

‘नुसती फाइल देखणी केली, मजकुराला हात लावला नाही’ हा बचाव स्वाक्षरी असलेल्या फाइलींपुढे टिकत नाही. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची एक्सएमएल डिजिटल स्वाक्षरीसह येते. स्वाक्षरीसाठी फाइल प्रमाण रूपात नेताना ॲट्रिब्यूटचा क्रम ठरावीक केला जातो, पण घटकांमधल्या मोकळ्या जागा जशाच्या तशा राहतात. ओळी सारख्या करायला घातलेली जागासुद्धा स्वाक्षरी मोडते. स्वाक्षरी आधी तपासायची, मूळ बाइट बाजूला ठेवायचे, मग रूपांतराला हात घालायचा, हा क्रम उलटवता येत नाही.

राहिली नाकारलेली फाइल. ती चुकीची आहे, तर टाकून द्यावी, असे समजून नायफायमध्ये अवैध वाट परस्पर संपवली जाते; मग पाठवणाऱ्याला पत्ता नसतो आणि घेणाऱ्याकडे फाइल नसते. वास्तविक नाकारण्याचे कारण प्रोसेसर नायफाय फाइलसोबत बाळगतो त्या ॲट्रिब्यूटमध्ये लिहून ठेवतो. अवैध वाट वेगळ्या साठ्याकडे वळवली, तर ते कारण मूळ फाइलसह तिथे सापडते.