कवळीखालची लाली

कवळीचा गुलाबी भाग बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो. दंतवैद्यकात हे द्रव्य १९३७ च्या सुमारास आले. त्याआधी व्हल्कनाइट नावाचे कडक रबर वापरत. पावडर आणि द्रव कालवून ॲक्रिलिक घडते. त्या द्रवातला थोडा मोनोमर, म्हणजे ॲक्रिलिकचा कच्चा घटक, न जुळता उरतो, लाळेत झिरपतो आणि काहींच्या तोंडाची आग करतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उष्णतेने पक्क्या केलेल्या ॲक्रिलिकमध्ये तो २.२ टक्क्यांहून, तर उष्णतेविना घट्ट होणाऱ्यात ४.५ टक्क्यांहून अधिक नसावा. कवळी देण्याआधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली की तो कमी होतो. घाईच्या दुरुस्तीतही ही पायरी गाळू नये.

टाळूवरची लाली मात्र सहसा ॲलर्जीची नसते. ॲक्रिलिकच्या सूक्ष्म खाचांत कॅन्डिडा ही बुरशी घर करते. कवळी घालूनच झोपणाऱ्यांत अधिक. कवळीने झाकलेली टाळू लालभडक होते, पण बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच ती महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. नुसत्या गोळ्या-मलमाने ती जात नाही, कवळीही स्वच्छ व्हावी लागते.

नकली दागिन्यांप्रमाणे धातूच्या कवळीतही निकेल असू शकते. अशा दागिन्यांनी ज्यांना खाज सुटते, त्यांनी ते दंतवैद्याला आधीच सांगावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांची कवळी रात्री काढून, मऊ ब्रशने साबण लावून धुवा आणि साध्या पाण्यात ठेवा. उकळते पाणी वापरू नका, ॲक्रिलिक वाकते.