भूकंप आणि घर : सांध्यांकडे कोण बघतं?

३० सप्टेंबर १९९३. विसर्जन मिरवणुका आटोपून लोक नुकतेच आडवे झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हापासून एक समज पक्का बसला : दगडमातीचं घर जीव घेतं, सिमेंटचं वाचवतं. तो अर्धाच खरा आहे. त्याच्या जोडीचे आणखी काही समजही तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : दख्खनचं पठार काळ्या पाषाणाचं, इथं मोठा भूकंप होत नाही.

वस्तुस्थिती : ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच पाषाणाच्या प्रदेशात झाला. किल्लारी तर तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होती. २००२ मध्ये तो झोनच रद्द झाला आणि लातूर झोन तीनमध्ये गेलं. नकाशा त्या त्या वेळच्या माहितीवर बेतलेला असतो; ती हमी नव्हे.

गैरसमज : बारीक हादरे बसले की जमिनीतला जोर निघून जातो.

वस्तुस्थिती : किल्लारीत १९९२ मध्येच हादरे बसत होते, तरी वर्षभरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झालाच. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंकांनी हजार पट. बारीक हादऱ्यांनी एवढा हिशेब फिटत नाही. अर्थात, हादरे आले म्हणजे मोठा भूकंप येणारच, असंही नाही. दिवस आणि वेळ सांगणारं भाकीत आजवर कुणालाही जमलेलं नाही. असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका.

गैरसमज : भिंत जितकी जाड, तितकं घर मजबूत.

वस्तुस्थिती : किल्लारीच्या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड होत्या. पण आतून बघितलं तर त्या एकसंध नव्हत्याच. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे चिपा आणि माती. हादरा बसताच दोन्ही थर सुटून विरुद्ध बाजूंना ढासळले. वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं होतंच, आणि वजन जितकं जास्त तितका धक्काही मोठा. याउलट, माळवद लाकडी खांबांवर पेललेलं होतं तिथे अनेक घरांत भिंती पडूनही खण उभे राहिले.

उपाय गवंड्याच्या हातातला आहे. दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवायचे. दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारा, सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा द्यायचा. तो मधे तोडला की त्याचा उपयोग संपला.

गैरसमज : कॉलम-स्लॅबच्या घराला काही होत नाही.

वस्तुस्थिती : २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या. पार्किंगसाठी खालचा मजला मोकळा आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारतीत सगळी ओढ खालच्या कॉलमांवर येते.

दुसरी खोट रिंगेत असते. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीची रिंग नुसती काटकोनात दुमडली तर मोठ्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट निघतं, रिंग उघडते आणि उभ्या सळ्या वाकतात. तिची दोन्ही टोकं १३५ अंशांत, कॉलमच्या पोटात वळवावी लागतात. बीमजवळ, म्हणजे कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला, रिंगा जवळजवळ हव्यात.

गैरसमज : भूकंपरोधक घर म्हणजे पैसेवाल्यांचं काम.

वस्तुस्थिती : साध्या घराला यासाठी खर्चात काही टक्क्यांचीच भर पडते. रिंग नीट वळवायला वेगळं लोखंड लागत नाही, जास्तीची दोन बोटं सळई लागते. काँक्रीटवर नियमित पाणी मारायला तर मेहनतच लागते. मात्र कॉलमची जाडी आणि सळ्यांची संख्या इंजिनिअरकडूनच ठरवून घ्यावी. शेजारच्याच्या घरावरून अंदाज बांधू नये. बांधून झालेल्या घरालाही पट्टा आणि आरपार सांधे नंतर देता येतात.

कॉलम भरायच्या आदल्या दिवशी मालकाने मिस्त्रीला सोबत घेऊन प्रत्येक रिंगेचं टोक बघावं. नको तसं वळलं असेल तर तेव्हाच सरळ सांगावं; काँक्रीट पडल्यावर ते कुणालाच दिसत नाही.