पडद्यावरचे बटण कोडला कसे जोडले जाते?

मावळात येणाऱ्या पर्यटकांसाठी एका पडद्याचे छोटे अ‍ॅप बनवायचे ठरवले, तर अँड्रॉइडमधला एक पायाभूत धडा त्यातच शिकता येतो. पडद्यावर ‘लोहगड’ आणि ‘भुशी धरण’ अशी दोन बटणे असावीत आणि बटण दाबताच पुणे–लोणावळा लोकलने कुठे उतरावे हे खाली दिसावे, म्हणजे पहिल्यासाठी मळवली आणि दुसऱ्यासाठी लोणावळा, एवढीच अपेक्षा आहे.

पारंपरिक पद्धतीत बटणाचे रूप, म्हणजे त्याची जागा, आकार आणि त्यावरील मजकूर, एक्सएमएल भाषेतील लेआउट फाइलमध्ये लिहिले जाते, तर बटण दाबल्यावर काय घडावे हे कोटलिन किंवा जावा भाषेतील कोडमध्ये असते. या दोन फाइलींना जोडणारा दुवा म्हणजे आयडी, अर्थात बटणाला दिलेले ओळखनाव. अ‍ॅपची बांधणी होताना अशा प्रत्येक नावाला एक क्रमांक मिळतो आणि ते सारे क्रमांक ‘आर’ नावाच्या आपोआप तयार होणाऱ्या क्लासमध्ये नोंदले जातात.

पडदा तयार होताना ‘ऑनक्रिएट’ हे फंक्शन चालते. त्यात प्रथम ‘सेटकंटेंटव्ह्यू’ने लेआउट पडद्यावर आणावा लागतो, मग ‘फाइंडव्ह्यूबायआयडी’ने बटण शोधावे लागते आणि शेवटी ‘सेटऑनक्लिकलिसनर’ने त्याला श्रोता, म्हणजे स्पर्श होताच चालणारा कोड, जोडावा लागतो. लेआउट येण्यापूर्वीच शोध घेतला, तर बटणाऐवजी ‘नल’, म्हणजे रिक्त मूल्य, हाती येते आणि अ‍ॅप उघडताच बंद पडते. दुसऱ्याच पडद्याच्या लेआउटमधील आयडी वापरला, तरी हेच घडते, कारण ‘आर’मध्ये सर्व लेआउटमधील नावे एकत्र असल्याने ही चूक बांधणीच्या वेळी पकडली जात नाही.

हा धोका कमी करण्यासाठी 2020 मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ 3.6 सोबत ‘व्ह्यू बाइंडिंग’ आले, ज्यात प्रत्येक लेआउटसाठी स्वतंत्र क्लास तयार होत असल्याने परक्या पडद्यावरचे बटण मागताच चूक लगेच लक्षात येते. 2021 मध्ये स्थिर रूपात आलेल्या ‘जेटपॅक कंपोज’ने तर एक्सएमएलची गरजच काढून टाकली, कारण तेथे बटण आणि त्याचे काम कोटलिनमध्ये एकाच ठिकाणी लिहिले जाते.

तरीही नवशिक्याने निदान एक अ‍ॅप जुन्या पद्धतीने पूर्ण करावे. पुढे अ‍ॅप बंद पडले किंवा बटण दाबूनही काही घडले नाही, तर आयडी, क्रम आणि श्रोता यांपैकी दोष कुठे आहे, हे त्याला स्वतः शोधता येईल.