तेल आहे, पण दाब आहे का?

जुन्या मोटारीत नवे इंजिन बसवण्याचा छंद अमेरिकेत मोठा आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरची शेवरोले कॅमेरो घ्यायची, मूळ इंजिन उतरवायचे आणि जनरल मोटर्सचे ‘एलएस’ मालिकेतले व्ही-८ इंजिन बसवायचे, हा त्यातला लोकप्रिय प्रकार. अश्वशक्तीची चर्चा तासन्तास होते. इंजिनाच्या बुडाशी असलेल्या तेलाच्या भांड्याचा विचार मात्र शेवटी होतो. आपल्या गॅरेजांत त्याला ‘चेंबर’ म्हणतात. ते चुकीचे निवडले, तर महागडे इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते.

डॉक्टरला हे ओळखीचे वाटते. चेंबर म्हणजे साठा, तेलाचा पंप म्हणजे हृदय, तेल ओढणारी पिकअप नळी म्हणजे हृदयाकडे येणारी शीर. हृदयाकडे जेवढे रक्त परत येते, तेवढेच ते पुढे ढकलू शकते. जंतुसंसर्गाने होणाऱ्या ‘शॉक’मध्ये रक्तवाहिन्या सैलावतात. रक्त अंगात असते, पण हृदयाकडे पुरेसे परतत नाही आणि रक्तदाब कोसळतो. इंजिनातही तेल पुरेसे असून दाब कोसळू शकतो.

त्याची दोन कारणे असतात. जोरात ब्रेक लावला किंवा वळण घेतले की तेल एका बाजूला धावते, पिकअपचे तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढतो. म्हणून चेंबरमध्ये तेल अडवणारे आडवे पत्रे, म्हणजे बॅफल, हवेत. दुसरे कारण क्रँकशाफ्टचे. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. या वेगाने फिरणारा दांडा आजूबाजूची हवा आणि तेल घुसळतो. तेलाला फेस येतो, शक्तीही वाया जाते. फेसाळ तेल बेअरिंगला नीट तोलून धरत नाही. क्रँकशाफ्ट आणि तेलाच्या साठ्यामध्ये बसवलेला फटींचा पत्रा, म्हणजे ‘विंडेज ट्रे’, हे घुसळणे कमी करतो आणि वरून ओघळणारे तेल खाली जाऊ देतो.

निवडताना आधी जागा पाहावी. ट्रकमधल्या एलएस इंजिनाचे चेंबर खोल असते. जुन्या कारमध्ये ते चासीच्या आडव्या पट्टीला अडते किंवा तिच्याखाली लोंबते. १९९८ ते २००२च्या कॅमेरोचे चेंबर तुलनेने उथळ असल्याने अनेकजण ते वापरतात. तरीही स्टिअरिंगचे दांडे त्याला लागत नाहीत ना, हे प्रत्यक्ष इंजिन ठेवून मोजलेलेच बरे.

चेंबर, पिकअप, ट्रे आणि तेल मोजायची डिपस्टिक एकमेकांना जुळणारी असावी. पिकअप तळाला टेकला तर तेल शिरत नाही, फार उंच राहिला तर हवा शिरते. त्याच्या जोडावरचे रबरी कडे चिमटले तरी पंप हवा ओढतो. क्रँकशाफ्ट जास्त स्ट्रोकचा असेल, तर तो ट्रेला घासू शकतो. म्हणून चेंबर बंद करण्याआधी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावे.

आपल्यापैकी बहुतेकांना इंजिन बदलायचे नसते, पण चेंबर पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या प्रत्येक मोटारीला असते. उंच स्पीडब्रेकरवर ते आपटून पोचले, तर पिकअपचे तोंड दबू शकते. बाहेर थेंबही गळत नाही आणि आत दाब पडतो. डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीसारखा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर तो दाब घसरल्याचा इशारा आहे. गाडी सुरक्षितपणे बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि टोइंगची गाडी बोलवा. ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ हा मोह टाळा. छातीत दुखत असताना जिने चढण्यासारखेच ते आहे.

चेंबर स्वतः खोलणार असाल, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. भक्कम स्टँड लावा. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगकारक घटक असतात. उंदरांच्या त्वचेवर ते वारंवार लावल्यावर कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. हातमोजे घाला आणि हात पेट्रोलने नव्हे, साबणाने धुवा.