‘शोले’चे दोन शेवट

चित्रपट पुरा झाला असे केव्हा म्हणावे? दिग्दर्शकाने हात धुतले तेव्हा, सेन्सॉरचा दाखला मिळाला तेव्हा, की लोकांनी पदरचे पैसे मोजून तो पाहिला तेव्हा? या प्रश्नावर अँटॉप हिलच्या आमच्या कामगार मंडळींत २०२५ च्या डिसेंबरात जेवढा वाद झाला, तेवढा बोनसवरही क्वचितच होतो.

‘शोले’ लागला १५ ऑगस्ट १९७५ रोजी. आणीबाणीला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरने हरकत घेतली : एके काळचा पोलीस अधिकारी कायदा हातात कसा घेतो? (ठाकूरला हातच नव्हते, ही गोष्ट वेगळी.) शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूरला आवरतात. हाच शेवट लॅमिंग्टन रस्त्यावरच्या ‘मिनर्व्हा’त पाच वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्याचे संवाद तबकड्यांवरून, कर्ण्यांवरून घरोघर पाठ झाले.

मूळ शेवट मधल्या काळात व्हिडिओवर फिरत होताच. पण १२ डिसेंबर २०२५ रोजी तो चित्रपटगृहांत आला. मूळ निगेटिव्ह खराब झाली होती. मुंबईत व इंग्लंडात सापडलेल्या साहित्यावरून ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ने हा चित्रपट पुन्हा उभा केला. हे काम मोठेच होय.

तरीही मंडळींत दोन तट पडले. एक जुना गिरणी कामगार म्हणाला, “अरे बाबा, ज्याचं सारं घर मारलं, त्याला पोलीस ठाण्याची वाट काय दाखवता? पन्नास वर्षांनी का होईना, न्याय झाला.” त्यावर एक तरुण म्हणाला, “काका, तुमचं खरं. पण आमच्या वडिलांनी आम्हांला दाखवला तो ‘शोले’ हा नव्हे.”

आम्हांला दोघांचेही पटते. सरकारी दडपणाखाली बदललेले काम कारागिराने पुन्हा आपल्या मनासारखे केले, तर त्याला आडकाठी कोणी करावी? परंतु चित्रपट एकट्याचा नसतो. द्वारका दिवेचा यांचा कॅमेरा आणि एम. एस. शिंदे यांची कात्री नसती तर ‘शोले’ कसला? त्या वर्षी ‘शोले’ला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, ते शिंद्यांच्या संकलनाला. आता जोडणी बदलताना त्यांना विचारण्याची सोय उरली नाही.

आणि दिग्दर्शक तरी मालक कुठे असतो? २०१४ साली ‘शोले’ त्रिमिती रूपात आला, तेव्हा स्वतः सिप्पी त्याविरुद्ध न्यायालयात गेले होते. प्रदर्शन थांबले नाही. ज्याने राबावे त्याचा माल नव्हे, हा अनुभव कामगारांना नवा नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ९-क हे कलम होते. सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यावी, असे ते सांगे. बदलाला बंदी नव्हती. गुपचूप बदलाला होती. प्रेक्षकांचे मागणे याहून मोठे नाही. नवी प्रत खुशाल दाखवा, तिच्यावर तसे लिहा, आणि जुनीही पाहायला मिळू द्या. अमेरिकेत जॉर्ज लुकास यांनी १९८८ साली संसदेपुढे जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध साक्ष दिली, आणि १९९७ साली आपलेच ‘स्टार वॉर्स’ बदलून आणले. तेथील चाहत्यांची खरी तक्रार बदलापेक्षा ही, की जुने रूप नव्यामागे दडपले गेले.

जुनी प्रत सांभाळली नाही की काय होते, हे पाहायला अमेरिकेस जायला नको. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ आमच्या शेजारी दादरला तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या ‘कॉरोनेशन’मध्ये दाखवला. १९१७ साली त्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या संग्रहालयात आज जी रिळे आहेत, ती १९१३ ची की १९१७ ची, यावर जाणकारांचा वाद अजून मिटलेला नाही.