येळवशीला कारण लागते काय?

मार्गशीर्षातील अमावस्येला आमच्या धर्मापुरीच्या शिवारात येळवस असते. पंचांगवाले तिला वेळ अमावस्या म्हणतात. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेला आमचा मुलूख सोडला तर हा सण फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. रानात कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच पांडव मांडायचे, भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग उभ्या पिकात आंबील शिंपीत फिरायचे. फिरताना जो घोष करतात, त्याचा अर्थ आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही.

गेल्या येळवशीला मी अण्णांना विचारले, "आंबील कशासाठी शिंपायची?" तर्कशास्त्राचे दोन धडे नुकतेच झाले होते; नव्या विद्येची खुमखुमी! अण्णा म्हणाले, "रान आपलं हाय म्हणून." मी म्हटले, हे काही कारण नव्हे. तेव्हा चुलतभाऊ मदतीला धावला, "ताकानं कीड मरते." मला ते एकदम पटले. मागाहून ध्यानात आले की कीड मारण्यासाठी म्हणून कोणी आंबील शिंपीतच नाही. कृती आधीची, कारण मागून आलेले.

यात आम्ही खेडवळ मंडळी एकटी नाही. निस्बेट आणि विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानात स्त्रियांचे चार पायमोजे मांडून ग्राहकांना उत्तम कोणता ते निवडायला सांगितले. सर्वांत जास्त जणांनी अगदी उजवीकडचा निवडला, आणि पोत, वीण अशी कारणेही दिली. वस्तुतः चारही मोजे एकसारखेच होते!

मग कारणे मागूच नयेत काय? तसे नाही. 'कारण' हा आपला शब्द मोठा लबाड आहे. विहीर का आटली याचे उत्तरही कारण, आणि तू मला का मारलेस याचेही कारण. पहिल्यात केवळ काय घडले ते सांगायचे असते. दुसऱ्यात समोर कोणीतरी जाब विचारीत उभा असतो. आंबील शिंपणाऱ्याला जाब विचारणारा कोणी नाही. त्याचे ताक, त्याचे रान.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही मला हाच भेद दिसतो. यात्रा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना त्याने हात लावलेला नाही, त्यांची कारणेही विचारलेली नाहीत. मात्र साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्याने गुन्हा ठरविला. तेथे श्रद्धा एकाची आणि जीव दुसऱ्याचा असतो.

असो. कायद्यापर्यंत जाण्याचे कारण नव्हते, घरातच उदाहरण आहे. आमच्या ताईची शाळा दहावीनंतर बंद झाली. "का?" असे तिने एकदाच विचारले. अण्णा म्हणाले, "पहिल्यापासून असंच चालत आलंय." आंबिलीच्या प्रश्नालाही त्यांनी हेच उत्तर दिले असते तर मला चालले असते. ताई मात्र उत्तर ऐकून बराच वेळ तेथेच उभी होती. मी तेव्हा आठवीत होतो. मी काहीच विचारले नाही.